पाळीव प्राण्याचे औषध आणि पशुवैद्यांची चिठ्ठी

(परिसर व आरोग्य : इयत्ता ७ वी ते १० वीचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासाठी)



आपल्यापैकी अनेकांच्या घरी कुत्रा किंवा मांजर आहे. काहींच्या घरी ससा आहे, तर काहींच्या नातेवाइकांकडे खेड्यावर गाई-म्हशी आहेत. जनावर मलूल झाले, खाईनासे झाले की घरात हमखास एक वाक्य ऐकू येते, "अर्धी तापाची गोळी देऊन पाहू या का?" गोळी घरातल्या डब्यातच असते, मेडिकलचे दुकान कोपऱ्यावर असते आणि पशुवैद्यांचा दवाखाना मात्र लांब असतो. गोळी देणाऱ्याच्या मनात मायाच असते. तरीही त्या एका गोळीने मांजर दगावू शकते.

म्हणून या पाठात आपण चार प्रश्नांची उत्तरे शोधू. माणसाचे औषध प्राण्याला का चालत नाही? प्राण्याच्या औषधाची चिठ्ठी कोण लिहू शकतो आणि तीत काय असावे? ते औषध आणताना आणि देताना काय पाहावे? आणि चिठ्ठीशिवाय दिलेल्या औषधाचे परिणाम आपल्या घराबाहेर कुठपर्यंत जातात?

१. माणसाची गोळी प्राण्याला का चालत नाही?

पुष्कळ लोकांना वाटते, की जीव लहान म्हणून गोळीचा तुकडा लहान केला की झाले. वजनाप्रमाणे मात्रा कमी-जास्त होते हे खरे, पण तेवढ्याने भागत नाही. पोटात गेलेले औषध शरीराला पुढे बाहेरही टाकावे लागते. हे काम मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडे करतात. यकृतात विशिष्ट विकरे (एन्झाइम) औषधाचे रूप बदलून ते निरुपद्रवी करतात. ही विकरे सर्व प्राण्यांत सारखी नसतात. त्यामुळे एका प्राण्याला मानवणारे औषध दुसऱ्याला विषासारखे ठरते.

काही उदाहरणे पाहा.

पॅरासिटामॉल आणि मांजर : पॅरासिटामॉलचा निचरा करणारे एक महत्त्वाचे विकर मांजरात फार कमी असते. औषध साठत जाते आणि त्यापासून तयार झालेले घातक द्रव्य रक्तातील तांबड्या पेशींवर हल्ला करते. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते. हिरड्या तपकिरी किंवा निळसर दिसू लागतात, चेहरा व पंजे सुजतात, धाप लागते. ५०० मि.ग्रॅ.ची एक गोळी चार किलोच्या मांजराचा जीव घ्यायला पुरेशी असते. लवकर दवाखान्यात नेले तर यावर उतारा देता येतो, पण वेळ फार थोडा असतो. लक्षात ठेवा, सर्दी-पडशाच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते.

आयबुप्रोफेन आणि कुत्रा : माणसाच्या अंगदुखीवरच्या या गोळीने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

कुत्र्याचे गोचीडनाशक आणि मांजर : मानेवर सोडायच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असते. कुत्र्याला ते चालते. तेच मांजराला लावले तर मांजर थरथरू लागते आणि त्याला झटके येतात. म्हणजे एका प्राण्याचे औषध दुसऱ्या प्राण्यालाही आपल्या मनाने देता येत नाही.

आयव्हरमेक्टिन आणि कॉली जातीचा कुत्रा : खरजेसाठी मोठ्या मात्रेत दिले जाणारे हे औषध बहुतेक कुत्र्यांना सोसते. पण कॉली आणि तिच्या जवळच्या काही जातींतील अनेक कुत्र्यांत एका जनुकात दोष असतो. त्यांच्यात औषध मेंदूत शिरते आणि कुत्रा बेशुद्ध पडू शकतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात २००१ साली हा जनुकदोष ओळखला गेला. एकाच प्रजातीतही फरक असतो, हे यावरून कळते.

साखरविरहित पातळ औषधे आणि कुत्रा : गोडीसाठी काही औषधांत झायलिटॉल घालतात. माणसाला त्याचा त्रास होत नाही, परंतु कुत्र्याच्या रक्तातील साखर एकदम उतरते. येथे मूळ औषध ठीक असूनही त्यात मिसळलेली वस्तू घातक ठरते.

मग पशुवैद्य कधी कधी माणसांच्या मेडिकलमधले औषध लिहून देतात ते कसे? ते देतात, कारण काही औषधे दोघांनाही उपयोगी असतात. कोणते, किती आणि कोणाला, हे ठरवण्याचे शिक्षण त्यांनी घेतलेले असते.

२. चिठ्ठी कोण लिहू शकतो?

पशुवैद्यकाची पदवी बी.व्ही.एससी. अँड ए.एच. या नावाने ओळखली जाते. प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासह हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असतो. आपल्या इंदूरजवळ महू येथे १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पदवीनंतर राज्याच्या पशुवैद्यक परिषदेत नाव नोंदवावे लागते. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार अशा नोंदणीकृत व्यक्तीलाच पशुवैद्यक म्हणून व्यवसाय करता येतो.

कुत्र्यांना शिस्त लावणारे, केस कापणारे, पिल्ले विकणारे किंवा प्राण्यांच्या खाद्याचे दुकान चालवणारे लोक अनुभवी असतात. त्यांच्याकडून संगोपनाच्या चांगल्या गोष्टी शिकाव्यात. मात्र आजाराचे निदान करणे आणि औषध लिहिणे हे त्यांचे काम नाही. मेडिकलचे दुकानदारही चिठ्ठीप्रमाणे औषध देतात, चिठ्ठी लिहीत नाहीत.

३. तपासल्याशिवाय चिठ्ठी का मिळत नाही?

"डॉक्टर, उलटी होते आहे, फोनवरच औषध सांगा ना!" अशी विनंती पालक करतात आणि डॉक्टर म्हणतात, "घेऊन या." यात पालकांना कधी कधी राग येतो. थोडा विचार करा. कुत्र्याला उलटी जंतांमुळे होते, शिळे अन्न खाल्ल्याने होते, पार्व्होसारख्या विषाणूमुळे होते, मूत्रपिंडाच्या विकाराने होते आणि चेंडूचा तुकडा गिळून तो आतड्यात अडकला तरीही होते. पाचही वेळा लक्षण एकच, उपचार मात्र पाच प्रकारचे. आतडे अडकले असताना नुसते उलटी थांबवणारे औषध दिले तर खरा आजार झाकला जातो आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते.

प्राणी बोलून सांगत नाही. तो कुठे दुखते ते दाखवत नाही, उलट दुखणे लपवतो. म्हणून डॉक्टरांना पोट चाचपून, हिरड्यांचा रंग पाहून, ताप मोजून आणि वजन करून निदान करावे लागते. निरोगी कुत्र्या-मांजराच्या शरीराचे तापमान सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. आपल्या हाताला ते नेहमीच गरम लागते. "अंग गरम आहे म्हणून तापाची गोळी दिली" या चुकीचे मूळ येथेच आहे.

दवाखान्यात जाताना पुढील माहिती लिहून न्यावी :

प्राण्याचे वय, नर की मादी, मादी असल्यास गाभण आहे का किंवा पिल्लांना पाजते का.
त्रास केव्हापासून आहे, दिवसातून किती वेळा होतो.
शेवटचे खाणे-पिणे, शी-शू कधी झाली.
कोणती लस केव्हा टोचली, जंताचे औषध केव्हा दिले.
आधीपासून चालू असलेली औषधे. घरची गोळी दिली असेल तर तीही. ही गोष्ट संकोचाने लपवली जाते, पण डॉक्टरांना तीच सर्वांत आधी कळायला हवी.

४. चिठ्ठी कशी वाचावी?

आपल्याकडे हिंदीत तिला पर्ची म्हणतात, मराठीत चिठ्ठी. भारतात औषधांचा व्यवहार औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालील १९४५ च्या नियमांनुसार चालतो. या नियमांप्रमाणे चिठ्ठी लेखी हवी, तिच्यावर लिहिणाऱ्याची सही व तारीख हवी. औषध प्राण्यासाठी असेल तर त्याच्या मालकाचे नाव व पत्ता हवा. औषधाचे एकूण प्रमाण आणि एका वेळची मात्रा नमूद हवी. चांगल्या चिठ्ठीत यांशिवाय प्राण्याची जात, वय, वजन आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असतो.

चिठ्ठीवरील काही खुणा समजून घेऊ :

आरएक्स : चिठ्ठीच्या सुरुवातीचे चिन्ह. 'घ्या' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले.
ओडी : दिवसातून एकदा.
बीडी : दिवसातून दोनदा, म्हणजे साधारण बारा तासांच्या अंतराने.
टीडीएस : दिवसातून तीनदा.
एसी : जेवणापूर्वी. पीसी : जेवणानंतर.
एसओएस : गरज पडली तरच.
१-०-१ : सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक.

एसओएस लिहिलेले असेल तर 'गरज' म्हणजे नेमके काय हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. किती झटके आले तर, किती उलट्या झाल्या तर, आणि दिवसातून जास्तीत जास्त किती वेळा? अक्षर लागत नसेल तर दवाखान्यातून निघण्यापूर्वीच विचारावे. त्यात कमीपणा नाही.

नियमांतील आणखी दोन गोष्टी सर्वांना माहीत असाव्यात. पहिली, डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध मिळते. गेल्या वर्षीच्या चिठ्ठीचा फोटो दाखवून यंदा औषध मागणे बरोबर नाही. प्राण्याचे वजन बदललेले असते आणि बहुधा आजारही वेगळा असतो. दुसरी, चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या 'शेड्यूल एच'मधील औषधाच्या जागी दुकानदाराला आपल्या मनाने दुसरे औषध देता येत नाही.

५. औषध कोठून आणावे आणि काय पाहावे?

औषध तीन ठिकाणी मिळते. काही वेळा डॉक्टर स्वतः तपासलेल्या प्राण्यासाठी स्वतःजवळचे औषध देतात. जनावरांच्या औषधांची वेगळी दुकाने असतात. आणि जे औषध माणसांतही वापरतात ते नेहमीच्या मेडिकलमध्ये मिळते.

मेडिकलवर पुष्कळदा तुम्हा मुलांनाच पाठवले जाते. म्हणून हे नीट वाचा. वेष्टनावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. ही खूण लोकांना ओळखता यावी म्हणून केंद्र सरकारने २०१६ साली मोहीमही काढली होती. केवळ प्राण्यांसाठी बनवलेल्या औषधावर प्राण्याच्या डोक्याचे चित्र आणि 'माणसांसाठी नाही, फक्त जनावरांच्या उपचारासाठी' अशा अर्थाची सूचना छापलेली असते. असे औषध घरात माणसांच्या औषधांबरोबर एकाच डब्यात ठेवू नये.

दुकानात पाच गोष्टी चिठ्ठीशी जुळवा : औषधाचे मूळ नाव, त्याची ताकद (किती मि.ग्रॅ.), प्रकार (गोळी, पातळ औषध, थेंब), नग आणि वापरण्याची अंतिम तारीख. दुकानदार म्हणाले, "हे नाही, पण तसेच दुसरे आहे," तर नम्रपणे थांबावे. वेष्टनाचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवावा आणि ते 'हो' म्हणाल्यावरच घ्यावे. व्यापारी नाव जवळजवळ सारखे असले तरी आतील घटक वेगळे असू शकतात. एका नावात एकच औषध असते, तर त्याच नावापुढे एखादे अक्षर जोडलेल्या गोळीत दोन-तीन औषधे एकत्र असतात आणि त्यांत पॅरासिटामॉलही असू शकते. पावती जपून ठेवावी.

लशींची गोष्ट निराळी आहे. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. इंदूरच्या मे महिन्यात ती खिशातून आणली तर तिची शक्ती नष्ट होते आणि टोचूनही संरक्षण मिळत नाही. रेबीजच्या बाबतीत अशी खोटी खात्री घरातील सर्वांनाच धोक्याची आहे. लस डॉक्टरांकडूनच टोचून घ्यावी आणि तिची नोंद पुस्तिकेत करून घ्यावी.

६. मात्रेचे गणित

आता वही घ्या. (पुढील आकडे केवळ गणितासाठी आहेत. कोणत्याही खऱ्या औषधाची मात्रा म्हणून वापरू नयेत.)

उदाहरण १ : कुत्र्याचे वजन १२ किलो. मात्रा प्रति किलो ५ मि.ग्रॅ. पातळ औषधाच्या ५ मि.लि.मध्ये १०० मि.ग्रॅ. औषध आहे. एका वेळी किती मि.लि. द्यावे?

१२ × ५ = ६० मि.ग्रॅ. औषध हवे.
१०० ÷ ५ = २०, म्हणजे १ मि.लि.मध्ये २० मि.ग्रॅ. औषध आहे.
६० ÷ २० = ३ मि.लि.

दिवसातून दोनदा, पाच दिवस द्यायचे तर ३ × २ × ५ = ३० मि.लि. लागेल.

आता समजा, घरच्यांनी वजन अंदाजाने २० किलो सांगितले. मग एका वेळची मात्रा ५ मि.लि. झाली असती. म्हणजे हव्या त्या मात्रेपेक्षा सुमारे ६७ टक्के जास्त! वजनकाट्याला इतके महत्त्व का आहे ते यातून समजते. घरी वजन करायची सोपी युक्ती अशी : प्राण्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकट्याने उभे राहा आणि वजाबाकी करा. ५८.५ − ५२ = ६.५ किलो.

पातळ औषध स्वयंपाकघरातल्या चमच्याने मोजू नये. चमचे लहान-मोठे असतात. सुई नसलेली सिरिंज वापरावी, तिच्यावर मि.लि.च्या खुणा असतात.

उदाहरण २ (९ वी-१० वीसाठी) : कुत्र्या-मांजरांनाही मधुमेह होतो आणि त्यांना इन्सुलिन द्यावे लागते. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळते, १ मि.लि.मध्ये ४० युनिट आणि १ मि.लि.मध्ये १०० युनिट. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात. ४० ची लाल टोपीची, १०० ची नारिंगी टोपीची. समजा, १०० ताकदीचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरले, तर किती युनिट दिले जातील?

१० ÷ ४० = ०.२५ मि.लि.
०.२५ × १०० = २५ युनिट.

दहाऐवजी पंचवीस, म्हणजे अडीचपट! साखर एकदम उतरून प्राणी बेशुद्ध पडेल. ज्या घरात आजोबांचे इन्सुलिन आणि कुत्र्याचे इन्सुलिन एकाच फ्रिजमध्ये असते, तेथे बाटल्यांवर मोठ्या अक्षरात नावे लिहून त्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवाव्यात.

७. घरी औषध देताना

आपल्या घरांत एक अडचण नेहमी येते. डॉक्टर चिठ्ठी इंग्रजीत लिहितात, समजावतात हिंदीत, आणि दुपारचे औषध देणारी आजी घरी मराठीत विचारते, "अगं, नेमके किती द्यायचे?" आई-बाबा कामावर, मुले शाळेत. अशा वेळी एखादा डोस चुकतो, नाहीतर दोनदा दिला जातो. हे टाळण्याचे काम तुम्ही करू शकता. एका पुठ्ठ्यावर मराठीत तक्ता करा. त्यात औषधाचे नाव, कशासाठी, किती, केव्हा, जेवणाआधी की नंतर आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे सारे लिहा. दिल्यावर देणाऱ्याने तेथे खूण करावी. तक्ता फ्रिजच्या दारावर लावा आणि मूळ चिठ्ठी त्यामागे जोडून ठेवा.

आणखी काही सूचना :

गोळी कशात मिसळून चालेल हे विचारावे. काही औषधे दुधाबरोबर दिली तर नीट शोषली जात नाहीत. काही गोळ्या कुटायच्या किंवा मोडायच्या नसतात.

मांजराला कोरडी गोळी दिल्यावर सिरिंजने थोडे पाणी पाजावे, म्हणजे गोळी अन्ननलिकेत अडकत नाही.

जंतुनाशक औषध डॉक्टरांनी सांगितलेले सर्व दिवस द्यावे. दोन दिवसांत प्राणी उड्या मारू लागला म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नये. उरलेले औषध पुढच्या वेळेसाठी राखून ठेवू नये. अर्धवट आणि अनावश्यक वापराने जंतू औषधाला दाद देईनासे होतात. असे जंतू प्राण्यांकडून माणसांकडे आणि माणसांकडून प्राण्यांकडे जातात.

झटक्यांवरचे औषध एकाएकी थांबवले तर झटके अधिक जोराने येऊ शकतात. अशी रोजची औषधे शेवटची गोळी संपण्याची वाट न पाहता आठवडाभर आधी आणावीत. नवी चिठ्ठी लागत असेल तर तीही आधीच घ्यावी.

दुभत्या जनावराला औषध दिले असेल तर त्याचे दूध किती दिवस वापरायचे नाही ते डॉक्टरांना विचारावे. वेष्टनावर हा काळ दिलेला नसेल, तर नियमानुसार दूध व अंड्यांसाठी तो किमान ७ दिवस धरतात.

जुनी औषधे उघड्यावर टाकू नयेत, भटकी जनावरे ती खातात. इंदूरमध्ये कचऱ्याच्या गाडीत घरगुती घातक कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो, त्यात टाकावीत.

८. गिधाडांचा धडा

"आमचे जनावर, आमचा पैसा. चिठ्ठी घेतली नाही तर दुसऱ्याचे काय जाते?" असे कोणी विचारले तर त्यांना गिधाडांची हकीकत सांगा.

१९९० च्या दशकात भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. सुरुवातीला एखाद्या साथीचा संशय होता. २००४ साली पाकिस्तानातील मृत गिधाडांच्या अभ्यासातून खरे कारण पुढे आले. ते होते डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. हे औषध गाई-बैलांना सर्रास टोचले जात होते. औषध दिल्यानंतर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत आणि काही दिवसांत ती मरत. गाईला सोसणारे औषध गिधाडाला सोसत नव्हते. पहिल्या भागात आपण मांजराबद्दल जे शिकलो तेच येथे लाखो पक्ष्यांच्या बाबतीत घडले.

गिधाडे गेल्यावर मेलेली जनावरे उघड्यावर सडत पडू लागली आणि त्यांवर भटकी कुत्री पोसली गेली. मुंबईत पारशी समाजाच्या शांतिमनोऱ्यांतील शेकडो वर्षांची अंत्यविधीची रीतही अडचणीत आली.

२००६ साली भारत, नेपाळ आणि पाकिस्तान यांनी जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. पण प्रश्न लगेच सुटला नाही. माणसांसाठी बनवलेल्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या बाटल्या जनावरांसाठी विकल्या जाऊ लागल्या. अखेर २०१५ साली सरकारने माणसांसाठीचे हे इंजेक्शन केवळ ३ मि.लि.च्या, एका वेळच्या बाटलीतच विकावे असा नियम केला. पुढे २०२३ मध्ये जनावरांसाठी किटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक यांवरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक अ‍ॅसिड ही वेदनाशामके गिधाडांना सुरक्षित असल्याचे दिसून आले आहे. भोपाळजवळ केरवा येथे गिधाडांच्या पैदाशीचे केंद्र चालवले जाते. जी संख्या पंधरा-वीस वर्षांत गेली ती भरून यायला फार काळ लागेल, कारण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते.

दुकानातून परस्पर घेतलेली बाटली आणि आभाळातून नाहीसा झालेला पक्षी यांचा संबंध असा आहे.

९. चूक झालीच तर

प्राण्याने चुकीची गोळी खाल्ली, जास्त औषध गेले किंवा गोळ्यांची पाकिटे कुरतडली, तर :

१. ताबडतोब पशुवैद्यांना फोन करा. लक्षणे दिसण्याची वाट पाहू नका.
२. वेष्टन, उरलेल्या गोळ्या आणि मूळ चिठ्ठी सोबत न्या. किती गोळ्या कमी आहेत ते मोजा.
३. किती वाजता खाल्ले ते लिहून ठेवा.
४. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढू नका. त्याने अपाय होतो.
५. दूध, तेल, तूप पाजून 'विष उतरवण्याचा' प्रयत्न करू नका.
६. घरात कोणी रागावेल या भीतीने मुलांनी गोष्ट लपवू नये. आणि पालकांनी त्या क्षणी रागावू नये, म्हणजे मुले खरे सांगतील.

मध्य प्रदेशात २०२३ पासून १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा वाहनांची सेवा सुरू झाली आहे. शासकीय पशुचिकित्सालयात तपासणीचा खर्चही थोडा येतो. 'डॉक्टरांची फी परवडत नाही' म्हणून घरगुती प्रयोग करण्याआधी तेथे जावे.

पालक आणि विश्वस्तांना विनंती

पालकांनी प्राणी घरी आणण्यापूर्वीच जवळचे पशुवैद्य कोण, रात्री कोणाकडे जाता येईल हे पाहून ठेवावे. पिल्लाच्या किमतीचा विचार आपण करतो, तसाच त्याच्या दहा-बारा वर्षांच्या औषधपाण्याचाही करावा. मूल जेव्हा म्हणते, "बाबा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको," तेव्हा त्याला गप्प करू नये. ते या पाठात शिकलेलेच सांगत असते.

विश्वस्त मंडळाने शाळेच्या सूचना फलकावर जवळच्या शासकीय पशुचिकित्सालयाचा पत्ता, वेळ आणि १९६२ हा क्रमांक लावावा. शाळेच्या आवारात येणाऱ्या कुत्र्या-मांजरांनाही कोणी आपल्या मनाने औषध देऊ नये, अशी सूचना असावी. वर्षातून एकदा महूच्या महाविद्यालयातील एखाद्या पशुवैद्यांचे व्याख्यान ठेवता आले तर विद्यार्थ्यांना त्याचा लाभ होईल.

स्वाध्याय

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. मांजराला पॅरासिटामॉल का देऊ नये?
२. औषधाच्या वेष्टनावरील उभ्या लाल रेघेचा अर्थ काय?
३. प्राण्याच्या चिठ्ठीवर कोणाचे नाव व पत्ता असतो?

आ) कारणे द्या.
१. मागच्या वर्षीच्या चिठ्ठीवर यंदा औषध घेऊ नये.
२. हाताला अंग गरम लागले म्हणून प्राण्याला ताप आहे असे समजू नये.
३. २००६ च्या बंदीनंतरही २०१५ मध्ये नवा नियम करावा लागला.

इ) गणित सोडवा.
मांजराचे वजन ३.५ किलो. मात्रा प्रति किलो ४ मि.ग्रॅ. औषधाच्या १ मि.लि.मध्ये १० मि.ग्रॅ. आहेत. एका वेळी किती मि.लि.? दिवसातून एकदा, ७ दिवसांसाठी एकूण किती? (उत्तरे : १.४ मि.लि. आणि ९.८ मि.लि.)

ई) उपक्रम.
घरच्या किंवा शेजारच्या प्राण्यासाठी एक वही करा. त्यात दर महिन्याचे वजन, लशींच्या तारखा, जंताचे औषध आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या लावा. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना ही वही सोबत न्या आणि डॉक्टरांना तिचा काय उपयोग झाला ते वर्गात सांगा.